रेट लिस्टचे टॅब स्टॉप : प्रकल्प नोंदी

२ जून

मामांचं भोसरीला नट-बोल्टचं दुकान आहे, आजूबाजूच्या वर्कशॉपवाल्यांना माल जातो आणि भाव हलले की नवी रेट लिस्ट काढावी लागते. आत्तापर्यंत ती स्प्रेडशीटमधून निघायची, दर वेळी कॉलमची रुंदी वेगळी आणि प्रिंट काढला की शेवटचा कॉलम हमखास दुसऱ्या पानावर. मामांची मागणी एकच, "अगं, जुनी लिस्ट आणि नवी लिस्ट शेजारी ठेवली की भावासमोर भाव आला पाहिजे, नजर फिरवली की कळलं पाहिजे काय वाढलं." म्हणजे कॉलमच्या जागा पक्क्या हव्यात, माल कमी होवो की जास्त.

ठरलेलं असं: सगळा माल एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये, एका ओळीत एक आयटम, मधे टॅब. ऑकची (टेक्स्टवर ओळीओळीने काम करणारी छोटी भाषा) छोटी स्क्रिप्ट त्याचं ग्रॉफचं (आज्ञा लिहिलेल्या टेक्स्ट फाइलमधून पान जुळवणारा प्रोग्रॅम) इनपुट बनवेल, आणि ग्रॉफ त्यातून पीडीएफ पण काढेल आणि व्हॉट्सॲपवर टाकायला साधा टेक्स्ट पण. लिस्ट इंग्रजीतच असते, वर्कशॉपवाले मालाची नावं तशीच घेतात. देवनागरी असती तर ग्रॉफ घेतलाच नसता कारण जोडाक्षरं जुळवायची सोय त्यात नाही.

टेबल म्हटलं की ग्रॉफवाले टीबीएल वापरा म्हणतात आणि ते बरोबरच आहे, माइक लेस्क यांनी बेल लॅब्जमध्ये लिहिलेलं ते टूल आजही झकास चालतं. पण टीबीएल कॉलमची रुंदी आतल्या मजकुरावरून काढतं, एक लांब नाव आलं की पुढचं सगळं सरकतं. रुंदी बांधून देता येते, पण मग टॅब स्टॉपच, म्हणजे टॅब आला की मजकूर जिथे जाऊन बसतो त्या ठरलेल्या जागाच, का नको? टीए नावाची एक रिक्वेस्ट (ग्रॉफला द्यायची आज्ञा), तिला जागा सांगायच्या, संपलं. कॉलम चार: नाव, साइज, पिच (आट्यांमधलं अंतर) आणि शेकडा भाव.

पहिला प्रिंट काहीही सेट न करता काढला, मुद्दाम, काय मिळतं बघायला. टीए दिली नाही तर ग्रॉफ दर अर्ध्या इंचाला एक स्टॉप धरतो, टर्मिनलसाठी (साध्या टेक्स्टच्या आउटपुटसाठी) ०.८ इंचाला, म्हणजे बरोबर ८ अक्षरं. त्यामुळे "नट" लिहिलेल्या ओळीत साइज अर्ध्या इंचावर आणि "हेक्स बोल्ट फुल थ्रेड" लिहिलेल्या ओळीत कुठल्या कुठे, एकही कॉलम सरळ नाही. अपेक्षितच होतं.

३ जून

टीए लावली: साइज २.६ इंचावर, पिच ४ इंचावर उजवीकडून, भाव ६ इंचावर उजवीकडून. आकड्याला चिकटून आर लिहिला की मजकूर त्या जागेला उजव्या कडेने टेकतो, सी लिहिला की मधोमध, काहीच नाही तर डावीकडून. एवढे तीनच प्रकार. दशांश चिन्हावर जुळवणारा चौथा प्रकार वर्ड आणि रायटरमध्ये असतो, इथे नाही, ते पुढे बघावं लागणार.

प्रिंट काढला, पहिला आयटम अगदी जागेवर आणि त्यानंतर गोंधळ. आयटम एकामागे एक एकाच ओळीत घुसलेले, साइज कधी इथे कधी तिथे.

दोन गोष्टी एकत्र होत्या. एक तर ग्रॉफ मुळात फिल मोडमध्ये असतो, फाइलमधल्या ओळी जोडून जोडून परिच्छेद भरत जातो, त्याला कळत नाही की ही लिस्ट आहे. त्यावर एनएफ रिक्वेस्ट, नो फिल, जशी ओळ तशी ओळ. हे कुणीही सांगेल. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे आणि ती नीट लिहून ठेवते कारण पुढे हीच पुन्हा भेटणार: टॅबचं अंतर छापल्या जाणाऱ्या ओळीच्या सुरुवातीपासून मोजलं जात नाही, इनपुटमधली ओळ जिथे सुरू झाली तिथून मोजलं जातं.

खात्री करायला छोटी फाइल केली. १ इंचावर एक स्टॉप, खाली तीन ओळी, प्रत्येकीत एक अक्षर, टॅब, दुसरं अक्षर. फिल मोडमध्ये तिन्ही एकाच ओळीत आल्या, पहिल्या जोडीत १ इंचाचं अंतर, मग दुसरी जोडी जिथे सुरू झाली तिथून परत १ इंच, मग तिसरी तिथून परत १ इंच. प्रत्येक इनपुट ओळीने आपला शून्य स्वतः आणला होता. हे एकदा डोळ्याने बघितलं की मघाचं पान वाचता येतं, काहीही वाकडंतिकडं झालेलं नाही, प्रत्येक टॅब आपापल्या ओळीच्या हिशोबाने बरोबरच बसलाय.

एनएफ लावल्यावर पान सरळ.

४ जून

ऑकची स्क्रिप्ट बदलली. गिटमध्ये (फाइलचे जुने-नवे बदल जपणारं टूल) दोन महिन्यांचा फरक बघताना नाव आणि भाव एकाच लांब ओळीत असले की डोळे दुखतात, म्हणून नाव एका ओळीत, शेवटी बॅकस्लॅश सी (म्हणजे ओळ इथे तोडू नको, पुढची हिलाच जोड), आणि साइज-पिच-भाव खालच्या ओळीत. डिफ छान दिसायला लागला पण प्रिंटमध्ये साइजचा कॉलम नावाच्या लांबीप्रमाणे मागेपुढे. नो फिल चालू असूनसुद्धा.

कालचंच कारण. खालची इनपुट ओळ नाव संपलं तिथून सुरू होते, तिचा शून्य तिथे, मग २.६ इंच तिथून पुढे. यावर ग्रॉफमध्ये लाइनटॅब्ज नावाची रिक्वेस्ट आहे, जुन्या टीरॉफमध्ये (ग्रॉफचा पूर्वज) नव्हती, ती १ केली की अंतर छापील ओळीच्या सुरुवातीपासून मोजलं जातं. लावली, कॉलम जागेवर. हे मॅन्युअलमध्ये जवळपास ह्याच उदाहरणाने दिलंय पण शोधायचं कसं हे माहिती नसेल तर सापडत नाही, "टॅब चुकतोय" असं शोधून काहीच हाती लागत नाही.

लाइनटॅब्ज सगळ्या फाइलला वरच लावून टाकली.

७ जून

मामेभाऊ म्हणाला त्याच्याकडे टर्मिनलवर चालणारी जुनी लिस्ट आहे, कॉलम एकदम नीट, तीच घे. बघितली. टर्मिनलवर खरंच नीट. पीडीएफ काढली तर भावाचा कॉलमच नाही, गायब.

टीएमध्ये आकडे होते २६, ४० आर, ६० आर, एकाही आकड्याला युनिट नाही. युनिट दिलं नाही तर टीए ते एम धरते, म्हणजे चालू टाइपसाइझएवढी रुंदी. टर्मिनलवर १ एम म्हणजे १ अक्षर, त्यामुळे २६वं, ४०वं, ६०वं अक्षर, सगळं बरोबर. पीडीएफमध्ये १० पॉइंटचा टाइप, ६० एम म्हणजे ६०० पॉइंट, ७२ पॉइंटचा इंच, म्हणजे ८.३३ इंच. ए४ कागद ८.२७ इंच रुंद आणि वर डावीकडचा मार्जिन वेगळा. भाव छापले जात होते, कागदाच्या बाहेर छापले जात होते.

अजून एक, टीए ज्या क्षणी वाचली जाते त्या क्षणाच्या टाइपसाइझवर एमची किंमत ठरते. हेडिंगसाठी १२ पॉइंट केला आणि त्यातच टीए आली तर ४० एम म्हणजे ५.५६ इंचाऐवजी ६.६७ इंच. एका सेक्शनचा कॉलम पुढे सरकलेला दिसतो आणि कारण वर हेडिंगमध्ये असतं, कोण तिथे बघायला जातंय.

आमच्या फाइलीत सगळं इंचात आणि टर्मिनलसाठी पण तेच चालतं, तिथे ०.१ इंच म्हणजे १ अक्षर, २.६ इंच म्हणजे २६. पाव-अर्धा इंच टाळायचा, २.७५ म्हणजे साडेसत्तावीस अक्षरं, अर्धं अक्षर कुठून आणणार, ग्रॉफ ते जवळच्या पूर्ण अक्षरावर नेतो. फार बिघडत नाही पण पूर्ण दशांशात ठेवलं की विषयच मिटतो.

८ जून

छोटी गोष्ट पण वेळ खाते म्हणून लिहिते. मामेभावाने नवीन आयटम टाकले, त्या तेवढ्याच ओळी वाकड्या. त्याच्या एडिटरमध्ये टॅब की दाबली की ४ स्पेस पडतात. स्क्रीनवर दोन्ही सारखेच दिसतात. कॅट कमांडला कॅपिटल ए चा ऑप्शन देऊन फाइल बघायची, खरा टॅब असेल तिथे कॅरट आणि आय दिसतो, स्पेस असेल तिथे स्पेस. विममध्ये सेट लिस्ट केलं तरी तेच.

आता ऑक आधी प्रत्येक ओळीतले कॉलम मोजतो, चार नसतील तर ओळ नंबर सांगून थांबतो. ग्रॉफपर्यंत जाऊच देत नाही.

त्याच दिवशी दुसरं. काही आयटम त्याने थेट ग्रॉफच्या फाइलमध्ये मॅक्रो (नाव देऊन ठेवलेल्या आज्ञांचा गट) वापरून टाकले होते, मॅक्रोचं नाव, नाव, टॅब, साइज, टॅब, भाव असं. सगळे कॉलम चुकले. ग्रॉफमध्ये मॅक्रोचे आर्ग्युमेंट (त्याला दिलेले मजकुराचे तुकडे) फक्त स्पेसने वेगळे होतात, टॅबने नाही, त्यामुळे टॅबने जोडलेलं सगळं म्हणजे एकच आर्ग्युमेंट. हे ग्रॉफ स्वतः सांगतो, फक्त विचारावं लागतं: डॅश डब्ल्यू ऑप्शनला टॅब असं लावलं की जिथे जिथे टॅब चुकीच्या जागी आलाय, म्हणजे आकडा हवा तिथे किंवा कोट न केलेल्या आर्ग्युमेंटमध्ये, तिथे वॉर्निंग येते. मेकफाइलमध्ये (सगळ्या कमांड चालवणारी फाइल) कायमचं घातलं. माझ्या मते ग्रॉफ वापरणाऱ्या प्रत्येकाने वॉर्निंग चालू ठेवूनच काम करावं, तो गप्प बसून काम करणारा प्रोग्रॅम आहे, अडचण आली तरी पान काढून देतो.

इंची साइजवाल्या बोल्टमध्ये इंचाची खूण म्हणून डबल कोट येतो, तो आर्ग्युमेंटमध्ये घोळ घालतो. त्याऐवजी बॅकस्लॅश, कंस, डीक्यू. झालं.

११ जून

हे आज सापडलं ते सगळ्यात धोक्याचं.

मामांनी लिस्ट वाचताना विचारलं, "हा एम ८ चा ॲलन बोल्ट सव्वा लाखाचा कसा काय?" बघितलं तर ओळीच्या शेवटी छापलेलं होतं १.२५४१२.००.

एम ८ चा पिच १.२५ आणि नमुन्याला टाकलेला शेकडा भाव ४१२.००. दोन्ही एकमेकांना चिकटलेले.

झालं असं. नाव होतं सॉकेट हेड कॅप स्क्रू (म्हणजे ॲलन बोल्टच), ब्लॅक, १२.९ ग्रेड. हे २.६ इंचात मावत नाही, त्याच्या पुढे जातं. टॅब नेहमी पुढचा स्टॉप शोधतो, म्हणजे आत्ता आहे त्या जागेच्या पलीकडचा पहिला. २.६ तर मागे गेला, मग पहिला टॅब गेला ४ इंचावर, तिथे साइज बसली. दुसरा टॅब ६ इंचावर, तिथे पिच बसला, उजवीकडून. तिसऱ्या टॅबला स्टॉपच उरला नाही. आणि स्टॉप उरला नाही की ग्रॉफ टॅब सरळ सोडून देतो, एक स्पेससुद्धा टाकत नाही. त्यामुळे भाव पिचला जोडून.

एरर नाही, वॉर्निंग नाही, आणि दिसायला तो एक व्यवस्थित आकडा. मामांचं लक्ष गेलं कारण आकडा अवाढव्य होता. पिच १.५ आणि भाव ५० असता तर १.५५०.०० दिसलं असतं आणि घाईत कुणी ५५० वाचलं असतं. भावाच्या कागदावर हे चालणारच नाही.

उपाय दोन. पहिला, टीएच्या शेवटी टी लावून पुढे ०.५ इंच दिलं की शेवटच्या स्टॉपनंतर दर अर्ध्या इंचाला स्टॉप येत राहतात, म्हणजे निदान चिकटणार नाही. पण कॉलम चुकीचा तो चुकीचाच, नुसता झाकला जातो. म्हणून हा घेतला नाही.

दुसरा खरा. मॅक्रोमध्ये नाव छापायच्या आधी त्याची रुंदी मोजायची, बॅकस्लॅश डब्ल्यूने ती चालू फॉन्टमध्ये मोजून मिळते. २.५ इंचाच्या वर गेली तर नाव एकट्याने एका ओळीत, आणि खालची ओळ टॅबनेच सुरू, साइज-पिच-भाव आपापल्या जागी. शिवाय टीएम रिक्वेस्टने स्क्रीनवर त्या आयटमचं नाव, म्हणजे मामांना विचारून नाव छोटं करता येतं का बघायचं. बऱ्याच नावांत "हाय टेन्साइल" आणि "१२.९" दोन्ही लिहिलेलं असतं, मामा म्हणाले ग्रेड लिहिली की पुरे, गिऱ्हाइकाला कळतं.

आणखी एक राहिलंय. एखाद्या आयटमला पिच नसतो, वॉशरला कुठला पिच, तिथे कॉलम रिकामा पण टॅब ठेवायचा. उजवीकडच्या स्टॉपला मजकूर रिकामा असला तरी जागा तेवढी पुढे जाते, पुढचा टॅब बरोबर ६ वर. तपासलं, नीट आहे.

१४ जून

वॉशर बोल्टच्या खाली थोडे आत घेऊन छापायचे होते, ०.३ इंच. आयएन रिक्वेस्टने इंडेंट दिला आणि त्या सगळ्या ओळींचे भाव पण ०.३ इंच पुढे गेले.

परत शून्याचाच प्रश्न. टॅबचं अंतर कागदाच्या कडेपासून नाही, इंडेंटपासून मोजलं जातं. मेजर टेपचं टोक ०.३ इंच पुढे धरलं तर ६ इंचाची खूण पण ०.३ पुढेच पडणार. लाइनटॅब्ज इथे उपयोगाची नाही, छापील ओळ सुरू होते तीच इंडेंटनंतर.

दोन रस्ते आहेत. एक, प्रत्येक स्टॉपमधून चालू इंडेंट वजा करायचा, इंडेंट डॉट आय या रजिस्टरमध्ये (ग्रॉफ किंमत ठेवतो ती जागा) मिळतो, टीएमध्ये तशी वजाबाकी चालते. पण इंडेंट बदलला की टीए परत द्यायची, विसरायला वाव. दुसरा, इंडेंट द्यायचाच नाही, ओळीच्या सुरुवातीला बॅकस्लॅश एचने ०.३ इंच सरकायचं. हे सरकणं ओळीच्या आतलं धरलं जातं, शून्य जिथल्या तिथे राहतो, टॅब आपल्या जागी पडतात. हाच घेतला, एका ओळीचा बदल. लांब नाव दोन ओळींत जात असेल तर रुंदी तपासताना हे ०.३ धरायला पाहिजे, म्हणून वॉशरसाठी मर्यादा २.२ इंच.

१५ जून

पिचचा कॉलम. एम ६ ला १, एम ८ ला १.२५, एम १० ला १.५, एम १२ ला १.७५, एम १६ ला २. उजवीकडून लावले की १.५ मधला ५ बरोबर १.२५ मधल्या ५ खाली येतो आणि पॉइंट वेगवेगळ्या जागी, वाचताना कॉलम डुलतो. तीस ओळींचा कॉलम असेल तर डोळा पॉइंट शोधत बसतो.

टीबीएलमध्ये यासाठी एन नावाचा कॉलम आहे, तो पॉइंटवर जुळवतो. टॅबमध्ये नाही म्हटल्यावर जागा भरायची. बॅकस्लॅश शून्य म्हणजे बरोबर एका आकड्याएवढी मोकळी जागा, आणि ती ओळीच्या शेवटी आली तरी कापली जात नाही. ऑक बघतो की पॉइंटनंतर किती आकडे आहेत, एकच असेल तर मागे एक बॅकस्लॅश शून्य जोडतो. १ आणि २ साठी मामांना विचारलं, ते म्हणाले १.० लिही, वर्कशॉपमध्ये तसंच बोलतात. म्हणजे १.० आणि मागे एक मोकळा आकडा.

आता पॉइंट एकाखाली एक, टर्मिनलवर पण, कारण तिथे मोकळा आकडा म्हणजे एक अक्षर. हा कॉलम बघायला खरंच छान वाटतो. भावाला हे काही लागलं नाही, तिथे कायम दोन आकडे असतात.

१८ जून

पिच आणि भाव यांच्यात मोकळी जागा फार, नजर घसरते, म्हणून टिंबांची ओळ हवी. ग्रॉफमध्ये त्याला लीडर म्हणतात, बॅकस्लॅश ए लिहायचं, वागतो टॅबसारखाच पण मोकळ्या जागेऐवजी टिंबं भरतो.

ऑकच्या स्क्रिप्टमध्ये टॅबसाठी बॅकस्लॅश टी होतंच, त्याच्या जागी बॅकस्लॅश ए टाकलं, टिंबं नाहीत. आणि ऑकचं आउटपुट टर्मिनलवर बघितलं तर प्रत्येक ओळीला टिंग वाजतंय. ऑकच्या भाषेत बॅकस्लॅश ए म्हणजे घंटी, सातवं कंट्रोल कॅरेक्टर. बॅकस्लॅश टीला ऑक खरा टॅब टाकतो आणि ग्रॉफला तो चालतो म्हणून ते इतके दिवस सुरळीत होतं, ए च्या बाबतीत दोघांचे अर्थ वेगळे. ऑकमध्ये दोन बॅकस्लॅश दिले, म्हणजे ग्रॉफपर्यंत एक पोचतो.

टिंबं आली पण थेट भावाला टेकलेली, ४१२.०० च्या आधीचं टिंब आणि ४ यांत फटच नाही, आणि भाव जेवढा छोटा तेवढी टिंबं आत. तरी ती एकाखाली एक होती, हे बघून आधी आश्चर्य वाटलं, मग फॉन्टची मापं बघितली: टाइम्समध्ये प्रत्येक आकडा ५०० आणि टिंब २५०, हजाराच्या हिशोबात, म्हणजे एक आकडा बरोबर दोन टिंबांएवढा. नशिबाने जुळलेलं.

नशिबावर ठेवायचं नाही म्हणून ५.२ इंचावर आणखी एक स्टॉप दिला, डावीकडचा. लीडर ५.२ पर्यंत जातो आणि तिथे थांबतो, मग साधा टॅब ६ इंच आरवर. ग्रॉफ लीडरची टिंबं शेवटच्या टोकाकडून जुळवतो, उरलेली फट सुरुवातीला सोडतो, त्यामुळे सगळ्या ओळींची टिंबं ५.२ वर एकाच रेषेत संपतात आणि त्यापुढे भावाला मोकळी जागा. फॉन्ट कुठलाही असू दे.

ऑक आता चार कॉलमला तीन टॅब आणि एक लीडर टाकतो.

२१ जून

प्रत्येक पानावर वर कॉलमची नावं हवीत. पानाच्या डोक्यावर ट्रॅप (ती जागा आली की मॅक्रो चालवणारी सोय) लावून हेडर मॅक्रो चालवला, त्यात बोल्ड करायचं होतं आणि साइज बदलायची होती म्हणून ईव्हीने वेगळं एन्व्हायर्नमेंट (फॉन्ट, साइज वगैरे सेटिंगचा स्वतंत्र संच) घेतलं, म्हणजे खालच्या मजकुरावर परिणाम नको. नावं आली पण अर्ध्या अर्ध्या इंचावर कोंबलेली, पहिल्या दिवशीसारखी.

टॅब स्टॉप एन्व्हायर्नमेंटला जोडलेले असतात. नवीन एन्व्हायर्नमेंट घेतलं की त्यात परत अर्ध्या इंचाचे डिफॉल्ट, बाहेर काय सेट केलंय याच्याशी त्याचा संबंध नाही. लाइनटॅब्ज पण तशीच. बघायची सोय चांगली आहे, डॉट टॅब्ज नावाच्या रजिस्टरमध्ये चालू स्टॉप मिळतात, टीएमने स्क्रीनवर छापले. हेडरमध्ये आलं टी ३६००० यू. पीडीएफमध्ये इंचाचे ७२००० युनिट, म्हणजे दर अर्ध्या इंचाला एक, जे दिसत होतं तेच. बाहेर २.६ इंचाचे १८७२०० वगैरे. टॅबबद्दल काहीही शंका आली तर हे रजिस्टर आधी छापून बघायचं, टीएमधले आकडे बदलून बदलून प्रिंट काढत बसण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

ईव्हीसीने बाहेरचं एन्व्हायर्नमेंट आत कॉपी करता येतं, टॅबसकट. पण मला सगळ्या जागा एकाच ठिकाणी हव्या होत्या, म्हणून फाइलच्या वरती एक स्ट्रिंग (नाव दिलेला मजकूर) केली, त्यात चारही स्टॉप, आणि टीए जिथे जिथे आहे तिथे ती स्ट्रिंग. हेडरमध्ये ईव्हीनंतर लगेच. मामांनी उद्या सांगितलं भाव थोडे आत घे, तर एक ओळ बदलायची आणि हेडिंग, मजकूर सगळं एकत्र हलेल.

२५ जून

टेक्स्टवाली लिस्ट. ६० अक्षरांची ओळ फोनवर तुटते आणि तुटली की टॅबचा काही अर्थच राहत नाही. शिवाय व्हॉट्सॲपचा साधा फॉन्ट प्रत्येक अक्षराला वेगळी रुंदी देतो, स्पेस मोजून लावलेल्या कॉलमचा चुराडा. मजकुराच्या आधी आणि नंतर तीन तीन बॅकटिक टाकले की तो एकसारख्या रुंदीच्या फॉन्टमध्ये दाखवतो, तेवढं स्क्रिप्टनेच टाकायला लावलं.

फोनसाठी वेगळे स्टॉप: पिच आणि टिंबं काढून टाकली, नुसतं नाव, साइज, भाव. ग्रॉफला कमांडवरून एक रजिस्टर द्यायचं आणि त्यावरून वरची ती स्ट्रिंग बदलायची, मजकुराला हात लावायचा नाही. नावाची रुंदी तपासणारा मॅक्रो इथे जास्त वेळा बोलतो कारण जागाच कमी आहे, बहुतेक ॲलन बोल्ट दोन ओळींत जातात. मामेभावाने फोनवर उघडून बघितलं, म्हणाला वाचता येतंय, फक्त सेक्शनच्या मधे एक रिकामी ओळ दे. दिली.

टर्मिनलसाठी निघणाऱ्या टेक्स्टमध्ये मधली जागा स्पेसने भरलेली असते, टॅबने नाही, हे बरंच आहे. ग्रोटीला (ग्रॉफचा टर्मिनलसाठी टेक्स्ट काढणारा भाग) डॅश एच दिला तर तो जागा वाचवायला टॅब टाकतो, दर ८ अक्षरांचा हिशोब धरून, आणि फोनवर कोण तो हिशोब पाळणार. तो ऑप्शन लावायचा नाही.

२८ जून

जूनची आणि जुलैची लिस्ट दोन्ही नव्या पद्धतीने काढली, प्रिंट मामांना दिले. त्यांनी एकावर एक ठेवून उजेडात धरले, मग शेजारी ठेवून बोटाने खाली खाली गेले, आणि म्हणाले, "एम १० चा भाव वाढलाय ते लगेच दिसतंय बघ. पण पिचच्या आधी साइजला जरा जागा दे, १२ बाय १५० असलं लांब आलं की गर्दी होते."

साइज २.६ वरून २.५ वर, पिच ४ वरून ४.१ वर. नावाची मर्यादा २.५ ची २.४, वॉशरची २.१. आता या दोन मर्यादा पण त्या स्ट्रिंगशेजारीच लिहून ठेवल्यात, स्टॉप हलला की त्या हलवाव्या लागतात आणि त्या मॅक्रोच्या पोटात असल्या तर कुणाच्या लक्षात येणार नाही.

बाकी राहिलेलं: किलोवर विकला जाणारा माल (खिळे, स्प्रिंग वॉशर) वेगळ्या सेक्शनला, तिथे भावाशेजारी "किलो" असा शब्द हवा. तो भावाच्याच कॉलममध्ये लिहिला तर उजव्या स्टॉपला शब्द टेकेल आणि आकडा आत जाईल, म्हणून ६ च्या पुढे ६.१ इंचावर डावीकडचा स्टॉप लागेल. कागदावर तेवढी जागा आहे, १ इंच मार्जिन धरला तर ए४ वर ६.२७ इंच मिळतात, "किलो" इंग्रजीत दोनच अक्षरं. आधी रुंदी मोजून बघायची, मग लावायचा.